गार बाजू

३ नोव्हेंबर

ठमे,

आशीर्वाद आहेतच, ते काही टपालाने पाठवावे लागत नाहीत. तीन वर्षांनी बापाचं अक्षर बघून दचकू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत. बॉयलरसुद्धा.

तू दर रविवारी आईला फोन करतेस हे मला ठाऊक आहे. ती फोन घेऊन मागच्या दोऱ्यांपाशी जाते आणि चादरींच्या आड उभी राहून बोलते. तिला वाटतं, मला ऐकू येत नाही. सगळा जन्म लाँड्रीत गेला तरी ओल्या चादरीने आवाज अडत नाही हे त्या बाईला अजून कळलेलं नाही. शिवाय तू जे बोलतेस ते ती मोठ्याने परत म्हणते, 'म्हणजे तू असं म्हणतेस की...' अशी सुरुवात करून. त्यामुळे मला तुझी बाजूही फुकटात ऐकायला मिळते. तिला सांगू नकोस, नाहीतर ती गल्लीच्या टोकाला जाऊन बोलायला लागेल.

तर मी ऐकलं. भट्ट्यांच्या वाया जाणाऱ्या उष्णतेतून वीज काढणारी कुठलीशी कंपनी आहे. त्यांना कॉलेजातला तुझा जुना अहवाल सापडला, त्यांनी तुला बोलावलंय, आणि तीस तारखेपर्यंत उत्तर मागितलंय. आणि तू म्हणालीस, 'ज्या वस्तूपायी तुझा हात भाजला ती मी पुन्हा हातात धरणार नाही. शाळेत गणित शिकवते तेच बरं.' आई म्हणाली, तुझं तू ठरव. मग फोन ठेवून तिने डाव्या हाताने डोळे पुसले. उजव्या हाताची दोन बोटं अजून पुरती मिटत नाहीत, म्हणून हल्ली सगळं डाव्यानेच.

मी सांगतो, ती नोकरी घे. तुला यातलं काय कळतं, असं तू म्हणशील. एकतीस वर्षं मी या बॉयलरच्या भट्टीत लाकडं घालतोय. त्यातली अर्धी उष्णता धुराड्यातून वर जाते आणि आपण तोंड वर करून तिच्याकडे बघत बसतो, एवढं मला कळतं. जाणाऱ्या उष्णतेला हाताला धरून कामाला लावणारी तुझ्याशिवाय दुसरी कुणी मी पाहिली नाही.

मला उत्तर नाही दिलंस तरी चालेल. कंपनीला दे.

बाबा


९ नोव्हेंबर

ठमे,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर दोनच ओळी. 'बाबा, माझ्या खेळण्यापायी आईचा हात गेला, असं तुम्हीच म्हणाला होतात. मग आता हे काय?' बाकीची जागा कोरी ठेवून मला लाज आणायचा तुझा विचार असेल तर तो साधला.

म्हणालो होतो. चार माणसांसमोर म्हणालो होतो. रागाच्या भरात माणूस वाट्टेल ते बोलतो.

त्या दिवसाबद्दल आपण दोघं कधी नीट बोललोच नाही. आज एकदा क्रमाने लिहून काढतो, म्हणजे माझ्याही डोक्यात नीट लागेल. थंडीचे दिवस होते. दुपारी रोजच्यासारखी वीज गेली. वीज गेली की बॉयलरला पाणी देणारा पंप बंद पडतो. भट्टी मात्र पेटलेली असते, ती कुणाचं ऐकते? पाणी वाफ होऊन उतरत जातं. नेमकं त्यासाठीच तू घंटा बसवली होतीस. पाणी खुणेच्या खाली गेलं की ती वाजायची, आणि वीज गेलेली असतानाही वाजायची, कारण तिला वीज पुरवायच्या त्या तुझ्या चौकोनी चकत्या, भट्टीच्या अंगाला चिकटवलेल्या. मला समजावताना तू म्हणाली होतीस, 'बाबा, पाण्याला जसा उतार लागतो तसा उष्णतेलाही लागतो. चकतीची एक बाजू तापलेली हवी आणि दुसरी गार. उष्णता इकडून तिकडे जाताना वाटेत वीज देऊन जाते.' मी मान हलवली होती. मान हलवायला काय जातं!

तर त्या दुपारी मी पुढे काउंटरवर होतो. हॉटेलचा मॅनेजर दोन उशांचे अभ्रे हरवले म्हणून हातवारे करत होता आणि मीही काही कमी नव्हतो. घंटा वाजली नाही. पाणी संपलं. बॉयलरच्या पोटात शिशाचं बूच असतं, पाणी संपलं की ते वितळतं आणि उरलेली वाफ खाली येऊन आग विझवते. ते त्याने इमानाने केलं. फक्त त्याच वेळी तुझी आई लाकूड सारायला भट्टीचं दार उघडत होती.

पुढचं तुला माहीत आहे. संध्याकाळी दवाखान्यातून आल्यावर तू चकत्या काढल्यास, त्यांचं सोल्डरिंग वितळलेलं पाहिलंस आणि म्हणालीस, 'माझंच काम कच्चं होतं.' आणि मला विचारलंस, याला कुणी हात लावला होता का? मी म्हणालो, कोण लावतंय! असं मी तेव्हा म्हणालो होतो.

या विषयावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

सहज विचारतो. तुझा खण उघडला होता, त्यात न वापरलेल्या दोन चकत्या आहेत, एका बाजूला ॲल्युमिनियमची उभी पाती बसवलेल्या. त्यांची लाल आणि काळी वायर कशाला जोडायची?

बाबा


१६ नोव्हेंबर

ठमे,

वायरचं तू कळवलं नाहीस. मग वायरमनला विचारलं. तो म्हणाला, 'काका, या वयात काय हे?' मी म्हटलं, तू जोडून दे, वयाचं माझं मी बघतो.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर एक चकती भट्टीच्या अंगाला लावली. तू लावायचीस तशीच, तापलेल्या पत्र्याला घट्ट, आणि ॲल्युमिनियमची पाती बाहेरच्या बाजूला मोकळी. टॉर्चमधला छोटा दिवा जोडला. आधी काही झालं नाही. मग त्यात लालसर तार दिसली, मग पिवळी, आणि मग चांगला लखलखीत लागला. ठमे, मी एकटा तिथे उभा राहून मोठ्याने हसलो. ना सेल, ना मीटर, नुसता लाकडाचा ताप, आणि दिवा लागलाय! तुझ्या वेळी मी तो नीट बघितलाच नव्हता. तेव्हा मी 'छान छान' म्हणून गिऱ्हाइकाकडे वळलो होतो.

मग मी त्या पात्यांवर एक गोष्ट टाकली.

पाच मिनिटांत दिवा पिवळा झाला. दहा मिनिटांत लाल. पंधराव्या मिनिटाला गेला. मी वर टाकलेलं काढून घेतलं, पुठ्ठ्याने वारा घातला, आणि तो हळूहळू परत आला. मी तीनदा करून बघितलं. तिन्ही वेळा तेच.

मी लाकडांच्या ढिगावर बसलो. इस्त्रीच्या मावशी जेवून आल्या आणि म्हणाल्या, 'काय हो मालक, चक्कर आली का?' मी म्हटलं, हो.

उरलेलं उद्या लिहितो.

बाबा


१७ नोव्हेंबर

ठमे,

काल लिहिलेलं पत्र सकाळीच पेटीत टाकलं, म्हणजे आता मागे फिरता येणार नाही. तुझ्या बापाला आपण ओळखतो.

पात्यांवर टाकलं ते ब्लँकेट. आणि त्या वेळीही मीच टाकलं होतं, आईचा हात भाजायच्या दोन दिवस आधी.

का, ते ऐक. बॉयलरवाल्याचा एकच धर्म असतो, उष्णता बाहेर जाऊ द्यायची नाही. उघडा पाइप दिसला की गुंडाळ, फट दिसली की लिंप. माझ्या उस्तादाने पहिल्या दिवशी मला हेच शिकवलं आणि एकतीस वर्षं मी दुसरं काही केलं नाही. आणि तुझी ती पाती! हात लावला तर गरम. बाहेर थंडी, आणि ती खुशाल आपली ऊब खोलीत वाटत उभी. मला ते बघवेना. मला वाटलं, पोरीने एवढं हुशारीचं यंत्र केलं पण झाकायला विसरली. तुला सांगायलाही गेलो नाही, म्हटलं गुपचूप आपण मदत करू, वीज जास्त निघाली की तीच चकित होईल. दवाखान्याने बाद केलेलं जाड ब्लँकेट होतं, ते चौघडी करून पात्यांवर सुतळीने छान आवळून बांधलं. वीज येतेय हे दिसावं म्हणून तू लावलेला छोटा हिरवा दिवाही त्याच्याखाली गेला, नाहीतर तो विझलेला तरी दिसला असता.

गार बाजू मी गरम करून ठेवली. उतार राहिला नाही. तुझं सोल्डरिंग गार बाजूला शोभेल असं केलेलं, ते बिचारं वितळलं. तुझं काम कच्चं नव्हतं ग. अजिबात नव्हतं.

त्या दुपारी काउंटरवरून धावत आलो तेव्हा आई खाली बसली होती. आधी तिला बाहेर काढलं. मग वाफ ओसरल्यावर परत जाऊन ब्लँकेट ओढून काढलं आणि मळक्या कपड्यांच्या ढिगात खुपसलं. तेव्हा मला काहीच कळलेलं नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पुरतं कळलं नव्हतं. पण जे ओढून लपवावंसं वाटतं ते काय आहे, हे हाताला आधी कळतं. संध्याकाळी तू विचारलंस, कुणी हात लावला का, तेव्हा मात्र मला स्वच्छ कळलं होतं. आणि मी काय केलं? तुझ्यावरच ओरडलो.

दुसऱ्या दिवशी मावशींना ते करपलेलं ब्लँकेट सापडलं. म्हणाल्या, याचं काय करू? मी म्हटलं, फाडा आणि फडकी करा. पुढे वर्षभर त्याच फडक्यांनी आम्ही बॉयलर पुसला. रोज माझ्या हातात त्याचा एक तुकडा असायचा, आणि रोज मी ठरवायचो की रविवारी फोन आला की सांगेन. किती रविवार झाले ते तू मोज, गणिताची बाई तू आहेस.

आता तू नोकरी नाकारणार हे ऐकलं आणि कागद घेऊन बसलो. तोपर्यंत मी स्वतःची समजूत घालत होतो की पोरगी दुसरीकडे सुखात आहे, झालं गेलं. पण तू माझी चूक पाठीवर घेऊन हातातलं काम सोडून देणार असशील, तर मी गप्प बसून तुझा दुसऱ्यांदा गळा कापतोय.

हे पत्र टाकण्याआधी आज सकाळी आईला सांगून टाकलं. तिचा हात, तिला आधी कळायला हवं. ती इस्त्री करत होती. सगळं ऐकून घेतलं, इस्त्री उभी करून ठेवली आणि म्हणाली, 'अहो, तीन वर्षं मी त्या पोरीला फोनवर सांगतेय, चूक झाली तर झाली, मी तुला माफ केलंय. आणि तुम्ही ते चादरीआडून ऐकत होतात?'

म्हणजे तिला माहीत होतं की मी ऐकतो.

तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. दुपारी जेवायला वाढलं, पण ताट ठेवताना असा आवाज केला की मावशींनी इकडे वळून बघितलं.

तू काय म्हणशील ते म्हण. सगळं कबूल आहे. पण तीस तारीख विसरू नकोस.

बाबा


२५ नोव्हेंबर

ठमे,

आठ दिवस झाले. पत्र नाही, कार्ड नाही. रविवारी आईला फोनही आला नाही. आई दोऱ्यांपाशी जाऊन उभी राहिली होती, मी आतून बघत होतो. कपडे वाळले तरी ती तिथेच.

पोस्टमन हल्ली मला बघून लांबूनच नाही नाही अशी मान हलवतो.

माझ्यावर रागाव. आयुष्यभर रागाव. तो तुझा हक्क आहे आणि मी त्यावर ब्लँकेट घालणार नाही. पण कंपनीने तुझं काय वाकडं केलंय? पाच दिवस राहिले.

बाबा


३ डिसेंबर

ठमे,

मिळालं. चार पानं! पोस्टमनने काउंटरवर ठेवलं आणि तो तिथेच रेंगाळला, त्यालाही आता बातमी हवी. मी त्याला हाकलून दिलं आणि मागे जाऊन लाकडांवर बसून वाचलं.

पहिली दोन पानं मी दोनदा वाचली. तू लिहिलेलं सगळं खरं आहे. 'तुम्ही मला माझ्याच हातांची भीती बाळगायला लावलीत' हे तर मी डोळ्यांपुढून घालवू शकत नाही आणि घालवूही नये. तीन वर्षं तू साधा बल्बसुद्धा शेजाऱ्यांकडून बदलून घेत होतीस, हे मला माहीत नव्हतं. मी चुकलो, ठमे. घाबरलो होतो. हात भाजला तो कुणाचा, आणि कुणामुळे, हे दोन्ही एकदम समोर आलं आणि माझ्याने तुझ्याकडे बघवेना. यापेक्षा मोठं कारण नाही, शोधून पाहिलं.

तिसरं पान वाचून मात्र मी चक्रावलो. तू म्हणतेस, चूक पूर्ण माझी नाही, अर्धी तुझीच. ब्लँकेट नसतं तरी तुझी घंटा मुळात उलटी होती. वीज मिळाली तर वाजणारी घंटा धोक्याच्या कामाची नसते, ती चकत्यांची वीज असेतोवर गप्प आणि ती वीज तुटली की गजराच्या घड्याळासारखी आपल्या स्प्रिंगवर वाजणारी हवी. म्हणजे पाणी संपलं तरी वाजेल, चकत्या बिघडल्या तरी वाजेल, आणि बापाने ब्लँकेट घातलं तरी वाजेल. हे तुला माझं पत्र वाचल्यावर पहिल्या रात्रीच सुचलं म्हणे, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तू कागद घेऊन आकृती काढलीस.

मी पूर्ण चूक माझ्याकडे घेतली होती आणि तू त्यातली अर्धी परत मागतेस. बरं, घे. पण हाताची बाब पूर्ण माझी, त्यात वाटणी नाही.

आणि चौथं पान. ते मला वाचताच येईना, चष्म्यावर वाफ आली होती. बॉयलरची, दुसरी कसली? म्हणून आईकडे नेलं. सोळा दिवसांनी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तिने डाव्या हाताने कागद घेतला, वाचला, आणि फोनवर म्हणते तसंच मोठ्याने परत म्हणाली, 'म्हणजे ती असं म्हणते की तिने होकार दिला.' आणि मग, 'अठ्ठावीस तारखेलाच दिला. आणि आपल्याला आज कळवते, बापाला पाच दिवस जास्त शिजवायचं म्हणून.' आणि हसली. ठमे, ती हसली ग! माझा जीव भांड्यात पडला. लगेच म्हणाली, 'हसले म्हणजे झालं असं समजू नका,' पण जेवताना ताट हळू ठेवलं. मावशींनी तेही बघितलं.

तुझ्या कंपनीतल्या मुख्य बाई मला आवडल्या. होकार द्यायला इतके दिवस का लावलेस, असं त्यांनी विचारल्यावर तू सगळं सांगितलंस, ब्लँकेटसकट. मला वाटलं, आता त्या तुझ्या अडाणी बापाला हसल्या असतील. तू लिहितेस की त्या हसल्या नाहीत. फक्त विचारलं, 'त्यावर झाकू नका असं लिहिलं होतंस का?' तू नाही म्हणालीस. त्या म्हणाल्या, 'मग तुझ्या वडिलांनी नसतं झाकलं तर दुसऱ्या कुणाच्या तरी वडिलांनी झाकलं असतं.' ते वाक्य वाचून मी जरा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो.

आणि आता तुझं पहिलं काम म्हणजे, यंत्र हातात आल्यावर भट्टीवरची माणसं त्याची काय काय वाट लावतील ते शोधून काढणं. त्यात मी मदत करावी म्हणतेस. तू बरोबर माणसाकडे आलीस. लिहून घे.

ब्लँकेट तर झालंच. कुणीतरी त्यावर ओले मोजे वाळत घालेल, कारण जागा उबदार असते. डबा गरम करायला ठेवील. पाती काळी पडलेली दिसली की मालक येणार म्हणून त्यांना चकचकीत रंग फासेल. दोन पात्यांमधल्या फटी बघून माझ्यासारखा माणूस त्या मातीने लिंपेल आणि वर हात फिरवून काम छान झालं म्हणेल. वायर लांब वाटली तर कापेल, तोकडी वाटली तर ओढेल. हिरवा दिवा डोळ्यांत येतो म्हणून त्यावर कागद चिकटवेल. या सगळ्यांत कुणाच्याही मनात वाईट नसेल. उलट आपण यंत्राला मदत करतोय असंच त्याला वाटत असेल.

आणि एक गोष्ट सगळ्यांच्या वर लिही, ठळक अक्षरात. यातलं काहीही झालं तर तो माणूस सांगणार नाही. तू समोर येऊन विचारलंस, कुणी हात लावला का, तरी सांगणार नाही. तो घाबरलेला असेल, आणि त्याचं तुझ्यावर कितीही प्रेम असलं तरी त्याने काही फरक पडत नाही, हे मी तुला अनुभवाने सांगतो. तेव्हा त्याच्या बोलण्याची वाट बघू नकोस. तो गप्प बसला रे बसला की वाजेल, असं काहीतरी कर.

बाबा